मोहनाबेन आणि सुनामी बन

मोहना सुर्वे आमच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. शाळेत खेळ मात्र नव्हता. मैदानाच्या अर्ध्या भागावर नवी इमारत उभी राहिली होती आणि उरलेल्या अर्ध्यात शाळेच्या बसगाड्या उभ्या राहायच्या. आठवड्यातून एकदा येणारा तिचा तास गणिताचे सर मागून न्यायचे. "मोहनाबेन, आजचा दिवस द्या ने, पोर्शन राहिलाय," असं म्हणायचे आणि ती द्यायची. मग गळ्यात शिटी घालून स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसायची आणि माझ्या नकाशांच्या गुंडाळ्या दोन्ही हातांनी वर-खाली करत दंडाचे व्यायाम करायची. मी तिथे भूगोल शिकवायचे. माझा आशिया खंड त्यापायीच फाटला.

शाळा बडोद्यात, छाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. आख्ख्या स्टाफमध्ये आम्ही दोघीच मराठी, त्यामुळे आमचं गूळपीठ. प्रिन्सिपल प्राचीबेन आत आल्या की आम्ही वाक्याच्या मधूनच गुजरातीत शिरायचो आणि त्या गेल्या की बाहेर पडायचो.

मोहना दांडिया बाजारात वाढलेली. वडील दिनकरराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर आणि सकाळ-संध्याकाळ आखाड्यात. मुलीला मल्लखांबावर चढायची भीती वाटायची, तेव्हा ते खांबाच्या टोकाला चिक्कीची पुडी बांधून ठेवायचे आणि खाली पेपर वाचत बसायचे. पुडी हवी तर चढ, नको तर घरी जा. पुढे ती खो-खोत राज्याकडून खेळली, मग गुडघा गेला, मग लग्न झालं. नवरा रिफायनरीत पाळीवर, त्यामुळे घरात शांतता. पन्नाशीतही ती जिने दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची. तिच्या मागून चढणारे सातवी-आठवीचे मुलगे मात्र कठड्याला धरून आजोबांसारखे यायचे.

याचं कारण फाटकाबाहेर होतं. तिथे नंदूची लारी, म्हणजे खाण्याची हातगाडी, लागायची. नंदूची आई धुळ्याकडची, त्याचा जन्म बडोद्याचा, आणि हात असा की लोखंडी तव्यावर पाव टाकला तरी वर्गात चौथ्या बाकापर्यंत वास यायचा. त्याने एक पदार्थ शोधून काढला होता, सुनामी बन. गोल बन पोखरायचा, त्यात नूडल्स भरायच्या, त्यावर मेयोनीज, त्यावर बटाट्याची भाजी, मग तो लोण्यात बुडवून भाजायचा, वर बर्फ पडल्यासारखं चीज किसायचं आणि शेवटी नायलॉन शेव. शाळा दुपारी सुटायची. घरी जेवण तयार असायचं, पण त्याआधी पोरं लारीला चिकटायची, ती आया येऊन ओढून काढेपर्यंत.

मग शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरांनी प्रत्येक मुलाचं वजन-उंची घेऊन बीएमआय काढला. पालकसभेत आकडे वाटले, पण आकडा म्हणजे काय हे सांगायचं राहून गेलं. बडोद्याच्या पालकांनी आयुष्यात एकाच प्रकारचा आकडा पाहिलेला, त्यामुळे त्यांनी त्याचा एकच अर्थ लावला. एक बाप माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"टीचर, आमच्या मुलाला सतराच? शेजारच्याला सत्तावीस आहेत!"

"अहो, सतरा चांगले आहेत."

"समजूत नका घालू. ट्यूशन लावू का?"

सगळ्यात मोठा आकडा आठवीतल्या यशराज मोहित्यांचा होता. त्याचे आजोबा फत्तेसिंहराव शाळेच्या ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांचं लोकांनी हात मिळवून अभिनंदन केलं आणि त्यांनी ते मिशीवरून हात फिरवत स्वीकारलं. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या घराण्यात सगळेच वजनदार. दरबारात उभं राहायचं तर माणूस दिसायला नको?"

तेवढ्यात शाळेच्या आसपास पन्नास मीटरच्या आत असलं खाणं विकायचं नाही, हा नियम प्राचीबेनना कुणीतरी दाखवला. त्या घाबरल्या. लांब उडीची मोठी टेप मोहनाकडे, म्हणून मोजायचं काम तिच्यावर आलं. पण मोजायचं कुठून? प्राचीबेन म्हणाल्या, फाटकापासून. फत्तेसिंहरावांना ते पटेना.

"शाळा म्हणजे काय? विटा की विद्या?" त्यांनी विचारलं.

"विद्या," प्राचीबेन म्हणाल्या. अध्यक्षांना दुसरं काय म्हणणार?

"मग विद्या असते ग्रंथालयात. तिथून मोजा."

ग्रंथालय इमारतीच्या पार मागच्या टोकाला होतं. तिथून मोजलं तर नंदू आहे तिथेच राहत होता आणि यशराजची सोय होत होती. मोहनाने मान डोलावली आणि बाहेर जाऊन फाटकापासूनच मोजलं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, ते नंदूनेच धरलं. स्वतःला किती लांब घालवायचं ते तो इमानाने दाखवत गेला आणि औषधाच्या दुकानापाशी थांबला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. पोरं फाटकात आली. लारी नाही! पोरं जागच्या जागी थबकली. मग कुणीतरी औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं आणि सगळी शाळा पळत सुटली.

सगळ्यांत पुढे यशराज. ज्याने वर्षभर पीटीला आईची चिठ्ठी आणली, धावल्यास चक्कर येते म्हणून, तो एका हाताने पँट धरून, दुसऱ्या हाताने हवा कापत धावत होता.

मोहना स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "अगं, पळतो तो," ती म्हणाली. "टाचा उचलून पळतो!"

त्याच संध्याकाळी ती नंदूकडे गेली. मीही बरोबर होते. तो तवा घासत होता.

"नंदू, उद्या आणखी थोडं पुढे लाव."

"बेन, पन्नास तर झालं ने?"

"सरकारचं झालं. माझं नाही झालं."

"गिऱ्हाईक तुटेल, बेन."

"आज एकेकाने किती खाल्ले?"

नंदूने तवा घासायचा थांबवला. त्याच्याही ते लक्षात आलं होतं. धावून आलेलं पोर भुकेने दोन-दोन बन मागत होतं. तो म्हणाला, "पेट्रोल पंपापाशी सावली चांगली आहे."

तिथून ते सुरू झालं. लारी पेट्रोल पंपापाशी गेली, मग पाण्याच्या टाकीपाशी, मग पुलापाशी. मोहना रोज सकाळी नंदूला फोन करून जागा ठरवायची. पोरांना जागा कधीच सांगायची नाही, फक्त दिशा. शाळा सुटली की गणवेशातला एक लोंढा छाणीच्या दिशेने निघायचा, पुढे मोहना शिटी मारत, "डावीकडून! रस्त्यावर नाही, डावीकडून!" मागे रिकाम्या रिक्षा घेऊन रिक्षावाले काका, त्यामागे स्कूटीवरून आया, हातात नॅपकिन आणि पाण्याच्या बाटल्या. नंदू रोज एवढी लारी ढकलून अर्धा झाला. त्याच्या बायकोने त्याला दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणलं.

यशराजची आई अवंती तक्रार घेऊन शाळेत आली. "लारी फाटकापाशी परत आणा," ती म्हणाली. "मूल आहे तो. घरात पाण्याच्या ग्लाससाठीसुद्धा मला हाक मारतो, आणि तुम्ही त्याला पुलापर्यंत पाठवता?"

"तुम्ही आज फाटकात थांबा आणि बघा," मोहना म्हणाली.

अवंती थांबली. आपला मुलगा वाऱ्यासारखा समोरून गेला हे तिला त्याच्याकडे बघून कळलं नाही, त्याच्या दप्तरावरून कळलं. ती स्कूटीवर बसली आणि त्याच्या मागे "बेटा, श्वास नाकाने! नाकाने!" असं ओरडत गेली ती थेट लारीपर्यंत. तिथे तिनेही एक बन खाल्ला. दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रूपवर कुणीतरी टाकलं की ही फिनलंडची पद्धत आहे. मग तर प्रश्नच मिटला. दुसऱ्या शाळेतले पालक येऊन ही पद्धत आमच्याकडे कधी सुरू होणार असं विचारून गेले.

प्राचीबेन तेवढ्या अस्वस्थ होत्या. त्यांनी मोहनाला केबिनमध्ये बोलावलं.

"मोहनाबेन, पोरं धावतात."

"हो, बेन."

"कशासाठी?"

"शाळा सुटते म्हणून."

याच्यात चूक काय आहे ते प्राचीबेनना सापडेना.

एके दिवशी फत्तेसिंहरावांची गाडी पुलाजवळच्या गर्दीत अडकली होती. तिच्या डाव्या बाजूने एक मुलगा धावत पुढे निघून गेला. तो आपला नातू होता हे त्यांना गाडी सुटल्यावर कळलं. ते तसेच शाळेत आले आणि आम्ही सगळ्या उभ्या राहिलो.

"आमच्या सात पिढ्यांत कुणी धावलं नव्हतं," ते म्हणाले. "आमच्यात घोडे धावायचे."

मोहनाला वाटलं, आता नोकरी गेली. पण ते पुढे म्हणाले, "सावली गावात जिल्ह्याची क्रॉसकंट्री आहे ना? पोरांची नावं द्या."

नावं दिली. सावलीला जायच्या दिवशी शाळेची बस पहिल्यांदा खेळासाठी निघाली. मीही गेले, कारण रस्ता मला माहीत असेल असं प्राचीबेनना वाटलं. शेतांच्या मधून आखलेली वाट, सुरुवातीला चुन्याची रेघ, शेवटी फीत. दुसऱ्या शाळांची पोरं काटक, अनवाणी, जागच्या जागी उड्या मारत होती. आमची पोरं लिंबाखाली बसली होती.

"उठा, अंग मोकळं करा," मोहना म्हणाली.

यशराजने चहूकडे पाहिलं. "टीचर, लारी कुठाय?"

"आज लारी नाही. आज शर्यत आहे. सगळ्यांच्या पुढे जायचं."

"पुढे काय आहे?"

"फीत आहे."

"मग कशाला पळायचं?" त्याने विचारलं. उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. बाकीच्यांनाही कळत नव्हतं. मोहनाने माझ्याकडे पाहिलं.

तिने नंदूला फोन लावला. नशिबाने प्रमुख पाहुणे यायचे होते आणि त्यांच्याशिवाय शिटी वाजणार नव्हती. पाहुणे म्हणजे एक नामवंत डॉक्टर, मुलांच्या लठ्ठपणावर व्याख्यानं देणारे. त्यांच्या गाडीच्या पुढे-मागेच छाणीहून एक छोटा टेम्पो आला. त्यात उभी लारी, आणि लारीला धरून डोळे मिटून बसलेला नंदू. त्याने फितीच्या थोडं पलीकडे लारी उतरवली आणि तव्यावर लोणी टाकलं. वारा आमच्या बाजूला होता.

शिटी वाजली. पहिल्या वळणापर्यंत काटक पोरं पुढे होती. शेवटच्या वळणावर यशराज दिसला. नाक वर, डोळे लारीवर. त्याने एकेकाला मागे टाकलं, छातीने फीत तोडली आणि थांबला नाही. फीत पोटावर तशीच घेऊन तो लारीपाशी पोचला. वाईट एवढंच झालं की त्याच्या मागची सगळी पोरं, सगळ्या शाळांची, शर्यत अजून पुढे आहे असं समजून त्याच्या मागोमाग आली. रेघेपाशी हातात कागद घेऊन उभे असलेले पंच एकटेच राहिले. शेवटी दुसरा आणि तिसरा नंबर लारीच्या रांगेवरून ठरवावा लागला. त्यातही तक्रार झाली, कारण तिसरा मुलगा जास्तीचं चीज मागायला मधे घुसला होता असं एका शिक्षकाचं म्हणणं पडलं.

बक्षीस समारंभात डॉक्टरांनी भाषण केलं. "मुलांनो," ते शेवटी हात उंचावून म्हणाले, "हे असलं खाणं तुमचा शत्रू आहे. त्याच्यापासून दूर राहा!"

"हो सर," पहिल्या रांगेतून यशराज कळवळून म्हणाला. "जितकं दूर, तितकं चांगलं लागतं."

आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनाही आपलं म्हणणं पोचल्यासारखं वाटलं.

पुन्हा आरोग्य तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी यशराजच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदय उत्तम, श्वास उत्तम, पिंडऱ्या दगडासारख्या. वजन होतं तेवढंच. त्यांनी काटा बदलून पाहिला. त्या दिवशी घरी जाताना आम्ही दोघी रिक्षात होतो, तेव्हा मी म्हटलं, "एवढं पळवलंस, फरक काय पडला?"

ती बाहेर बघत म्हणाली, "मला पोरांना बारीक करायचंच नव्हतं गं. बारीक करायचं काम त्यांच्या आयांचं आणि डॉक्टरांचं. इतकी वर्षं शिटी गळ्यात घालून फिरले. मला फक्त एकदा त्यांना पळताना बघायचं होतं."

मग एक दिवस तो टँकर आला. पुलाच्या उतारावर पाण्याच्या टँकरने असा करकचून ब्रेक मारला की त्याचं अर्धं पाणी रस्त्यावर सांडलं. समोर आमच्या लोंढ्यातली, तिसरीतली एक मुलगी उभी होती. तिला काही झालं नाही, ती भिजली तेवढी. पण मोहना जागच्या जागी खाली बसली. मुलीला तिने स्वतः घरी सोडलं, तिच्या आजीच्या शिव्या ऐकून घेतल्या आणि परत येऊन नंदूला सांगितलं, "उद्यापासून नाही."

"मग लारी कुठे लावू, बेन?"

"जिथे तुला बरं वाटेल तिथे."

नंदूला छाणीच्या तळ्यापाशी बरं वाटलं. तिथे संध्याकाळी वजन कमी करायला चालणारे लोक येतात. त्याचा धंदा जोरात आहे.

इकडे ट्रस्टची बैठक झाली. आपल्या विजेत्या पोरांनी रस्त्यावर का खावं, असा मुद्दा निघाला आणि फाटकातून आत शिरल्या-शिरल्या डाव्या हाताला शाळेचं कँटीन झालं. ते चालवायला फत्तेसिंहरावांचा भाचा दिग्विजय. त्याने 'पौष्टिक सुनामी' नावाचा पदार्थ आणला. सगळं तेच, फक्त वर काकडीची एक चकती. म्हणून ते आरोग्याला चांगलं. सरकारी नियमाचं काय, असं प्राचीबेननी हळूच विचारलं, तेव्हा त्याने काकडीकडे बोट दाखवलं.

महिन्याभरात पोरं पुन्हा कठड्याला धरून जिना चढायला लागली. रिसेसमध्ये वर्गातून उतरायचं, दहा पावलं टाकायची, खायचं, तिथेच बसायचं. यशराज तर टेबलाची जागा धरायला दुसऱ्याला पाठवायला लागला. मोहनाने माझ्या नकाशांना पुन्हा हात घातला. या खेपेला आफ्रिका.

एका दुपारी ती आफ्रिका खाली ठेवून म्हणाली, "फाटकाच्या डावीकडचा कोपरा कुठली दिशा गं?"

मी होकायंत्र काढून पाहिलं. "ईशान्य."

"आणि स्वयंपाकघर कुठे हवं?"

"वास्तूवाले आग्नेय सांगतात. का?"

"काही नाही," ती म्हणाली आणि दिग्विजयला भेटायला गेली. मीही मागोमाग गेले. तो गल्ल्यावर बसला होता. मोहना उभ्याउभ्याच काळजीच्या सुरात म्हणाली, "दिग्विजयराव, बोलू नये, पण ईशान्येला अग्नी पेटवलाय तुम्ही. मामासाहेबांची तब्येत बरी आहे ना?"

फत्तेसिंहरावांना त्याच आठवड्यात सर्दी झाली होती. दिग्विजयचा चेहरा पांढरा पडला. लगेच वास्तूतज्ज्ञ आले. त्यांनी माझंच होकायंत्र मागून घेतलं. खालच्या आग्नेय कोपऱ्यात बसगाड्या होत्या, पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यात प्रयोगशाळा, दुसऱ्यावर प्राचीबेनची केबिन, तिसऱ्यावर माझा वर्ग. आग्नेयेचा मोकळा कोपरा आख्ख्या शाळेत एकच निघाला, गच्चीवरचा. लिफ्ट फक्त स्टाफसाठी आणि तिची किल्ली शिपायाकडे.

कँटीनचं दुसरं उद्घाटन फत्तेसिंहरावांच्या हस्ते झालं. शिपाई किल्ली घेऊन धावत आला, पण त्यांना सगळ्या मुलांसमोर लिफ्टने जाणं बरं दिसेना. ते जिन्याने चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरी फार बारकाईने बघत होते. तिसऱ्या मजल्यावर तसबीर नव्हती, तिथे त्यांनी अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचल्या. वर पोचल्यावर खुर्चीत बसून त्यांनी हातानेच खूण केली, फीत तुम्हीच कापा. यशराज तोवर दोनदा वर-खाली करून आला होता.

आता रिसेसची घंटा झाली की माझ्या वर्गातला पृथ्वीगोल आपोआप फिरायला लागतो. जिन्यावरून शाळा वर जात असते. परवा पोरांनी अर्ज केला की गच्चीवर पाण्याचा कूलर हवा, बन फार तिखट असतो. प्राचीबेननी तो अर्ज मत विचारायला मोहनाकडे पाठवला. मोहनाने मागणी अगदी योग्य आहे, पाणी हवंच, असं लिहून खाली सही केली, आणि कूलर तळमजल्यावर, बसगाड्यांच्या पलीकडे बसवून घेतला.